तुतारी, पिपाणी आणि मतदाराचे बोट

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत साताऱ्यात भाजपचे उदयनराजे भोसले यांनी शरद पवार यांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे यांचा ३२ हजार ७७१ मतांनी पराभव केला. याच मतदारसंघात ‘ट्रम्पेट’ हे चिन्ह घेऊन उभ्या असलेल्या एका अपक्षाला ३७ हजार ६२ मते पडली. दिंडोरीत पवार यांच्याच पक्षाचे भास्कर भगरे १ लाख १३ हजार मतांच्या फरकाने निवडून आले. तेथे भगरे हेच आडनाव आणि ट्रम्पेट हे चिन्ह असलेल्या अपक्षाने तब्बल १ लाख ३ हजार ६३२ मते घेतली. बीडमध्ये बजरंग सोनवणे ६ हजार ५५३ मतांनी निसटते विजयी झाले, आणि तेथेही या चिन्हाच्या पदरात सुमारे ५५ हजार मते पडली. ज्या उमेदवारांमागे पक्ष नाही, संघटना नाही, त्यांना एकाच निवडणुकीत, एकाच चिन्हावर, निरनिराळ्या जिल्ह्यांत एवढी मते मिळावीत, हा योगायोग मानणे कठीण आहे.

शरद पवार यांच्या पक्षाचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतील ट्रम्पेटला मराठीत नाव देण्यात आले होते ‘तुतारी’. वृत्तपत्रांनी पुढे त्या वाद्याचे ‘पिपाणी’ असे बारसे केले आणि तेच नाव रूढ झाले. पण तोवर मतदान होऊन गेले होते. निकालानंतर या प्रकाराची चर्चा दोनच अंगांनी झाली. पराभूतांनी त्यात कारस्थान पाहिले, तर विजयी बाजूने पराभवाची सबब. मतदान केंद्राच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदाराच्या मनात नेमके काय घडले असावे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. वास्तविक, मानसशास्त्रज्ञ गेली दोन-अडीच दशके ज्या विषयाचा पाठपुरावा करीत आहेत, त्याचे इतके ठसठशीत उदाहरण जगात अन्यत्र क्वचितच सापडेल.

हा विषय म्हणजे अबोध साहचर्य. दोन गोष्टी वारंवार एकत्र समोर आल्या की मन त्यांची गाठ मारून ठेवते, आणि पुढे त्यांपैकी एक दिसताच दुसरी आपोआप जागी होते. त्यासाठी विचार करावा लागत नाही. किंबहुना विचार सुरू होण्याआधीच हे काम उरकलेले असते. अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या गाठी मोजण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. पडद्यावर झरझर येणारी चित्रे आणि शब्द दोन कळांच्या साहाय्याने वेगळे करायचे, एवढीच ती कसोटी. मनात ज्या जोड्या आधीच जुळलेल्या असतात, तेथे बोट लवकर चालते; जेथे जुळलेल्या नसतात तेथे अडखळते. मनुष्य तोंडाने काय सांगतो याला येथे महत्त्व नाही, बोट किती मिलिसेकंद थबकते याला आहे.

राजकीय निर्णयांच्या संदर्भात या चाचणीचा गाजलेला प्रयोग इटलीतील व्हिचेंझा या शहरात झाला. तेथील अमेरिकी लष्करी तळाच्या विस्तारावरून शहर दुभंगले होते. सिल्व्हिया गाल्दी, लुचियानो आर्कुरी आणि बेर्ट्राम गाव्रोन्स्की यांनी १२९ रहिवाशांची मते विचारली, त्यांची साहचर्य-चाचणी घेतली आणि एका आठवड्याने पुन्हा तेच केले. ‘अजून ठरवलेले नाही’ असे जे प्रामाणिकपणे सांगत होते, त्यांचा कल आठवड्याने कोणीकडे वळेल, याचा अंदाज त्यांच्या अबोध साहचर्यावरून बांधता आला. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कुंपणावरच्या मतदाराचे मन आधीच ठरलेले असते, त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसते, असा त्याचा डांगोरा पिटला गेला.

येथे थोडे थांबले पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतील प्रत्यक्ष निवडणुकांवर हीच कल्पना तपासून पाहण्यात आली, तेव्हा चित्र उलटे निघाले. ज्यांचे मत पक्के होते त्यांच्याच मतदानाचा अंदाज चाचणीवरून बरा बांधता आला. कुंपणावरचे मतदार संशोधकांच्याही हाती लागले नाहीत. शिवाय या चाचणीतील गुण बदलले म्हणून वर्तन बदलते असे नाही, हेही नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. तेव्हा मतदाराच्या मनाचा तळ सापडला, असा दावा करणारे निवडणूक-सल्लागार आणि त्यांच्यावर पैसे उधळणारे पक्ष यांच्याकडे सावधपणेच पाहावे हे बरे. चित्रपटाच्या पडद्यावर क्षणार्धात संदेश झळकवून प्रेक्षकांना लाह्या विकत घ्यायला लावल्याचा दावा अमेरिकेत १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी यांनी केला होता. ती शुद्ध लोणकढी निघाली, तरी तिच्यावर विसंबणारे आजही आढळतात. २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर यांच्याविरुद्धच्या एका जाहिरातीत ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सेकंदाच्या तिसाव्या हिश्शापुरता झळकला, तेव्हाही असेच वादळ उठले होते. त्याने किती मते हलली, हे कोणालाच दाखवून देता आलेले नाही.

मग साहचर्याचा प्रभाव खरा कोठे पडतो? ज्या अभ्यासांमध्ये मनाचा तळ शोधण्याऐवजी प्रत्यक्ष मतपेटीतील आकडे पाहिले गेले, त्यांची साक्ष अधिक भरवशाची आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात मतपत्रिकेवरील नावांचा क्रम केंद्रागणिक फिरवला जातो. १९९२ च्या तेथील निकालांचा अभ्यास केला असता असे दिसले, की अनेक लढतींमध्ये पहिल्या क्रमांकावर नाव असण्याचाच सरासरी सुमारे अडीच टक्के मतांचा लाभ होता. हा लाभ कोठे अधिक होता, हे पाहणे उद्बोधक आहे. जेथे मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नव्हते आणि विद्यमान पदाधिकारी रिंगणात नव्हता, अशा लढतींमध्ये. ॲरिझोनात २००० साली शिक्षणासाठी विक्रीकर वाढवावा की नाही, यावर मतदान झाले. शाळेतील केंद्रांवर मत देणाऱ्यांचा वाढीला पाठिंबा इतर केंद्रांपेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी अधिक होता. प्रिन्स्टनच्या अलेक्झांडर तोदोरोव्ह यांनी अनोळखी उमेदवारांची छायाचित्रे लोकांना सेकंदभर दाखवून ‘यातला अधिक कर्तबगार कोण’ असे विचारले, तर सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींचे विजेते निव्वळ चेहऱ्यावरून ओळखले गेले. स्वित्झर्लंडमध्ये तर ५ ते १३ वर्षांच्या मुलांना फ्रान्समधील उमेदवारांच्या जोड्या दाखवून ‘तुमच्या नावेचा कप्तान कोणाला कराल’ असे विचारण्यात आले, आणि पोरांचा कौल मतदारांच्या कौलाशी बव्हंशी जुळला.

या सर्वांतून जे सूत्र निघते ते साधे आहे. मतदाराची निष्ठा जेथे ठाम आहे, माहिती पुरेशी आहे, तेथे साहचर्याला वाव नसतो. जेथे यांपैकी काही उणे पडते, तेथे ती पोकळी साहचर्य भरून काढते. श्रद्धा बदलण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. अखेरच्या क्षणी हात इकडचा तिकडे नेण्याचे आहे.

भारतात या अखेरच्या क्षणाची सारी भिस्त चिन्हावर आहे. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह चिकटवले. वाचता न येणाऱ्याला मत देता यावे, ही त्यामागची लोकशाहीची ओढ थोरच होती. पण त्यासाठी जो मार्ग निवडला गेला, तो साहचर्याचाच होता. बैलजोडी म्हणजे काँग्रेस, दिवा म्हणजे जनसंघ, ही गाठ बांधली गेली आणि वाचणाऱ्यांच्या मनातही तीच घट्ट झाली. साक्षरता वाढली म्हणून चिन्हाचे महत्त्व घटले नाही. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून पक्ष चिन्हासाठी भांडतात ते उगीच नव्हे.

तुतारीचे प्रकरण या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. राष्ट्रवादी काँग्रेसचे घड्याळ आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अजित पवार यांच्या गटाला दिले. शरद पवार यांच्या गटाला नवे चिन्ह २२ फेब्रुवारीला मिळाले आणि साताऱ्यात मतदान झाले ७ मे रोजी. म्हणजे नवी गाठ बांधायला हाती होते अवघे ७५ दिवस. ‘तुतारी’ हा शब्द निवडून काढावा इतका भाग्याचा होता. शिवकालाची आठवण, लग्नाच्या वरातीतला थाट, केशवसुतांची कविता, हे सारे त्या एका शब्दाभोवती मराठी मनात आधीपासूनच गोळा झालेले. साहजिकच सभेत, भिंतीवर, गावच्या पारावर पोहोचला तो शब्द. ‘तुतारीसमोरचे बटण’ एवढीच खूण मतदाराने डोक्यात घेतली.

आता यंत्रासमोरचा मतदार डोळ्यांपुढे आणावा. मागे रांग आहे, बोटाला शाई लागली आहे, समोर नावांची आणि बारीक चित्रांची उभी ओळ आहे. पक्षाच्या खऱ्या चिन्हात माणूसच ठळक, वाद्य त्याच्या तोंडाशी बारीक. अपक्षाच्या चिन्हात नुसते वाद्य, चौकट भरून. डोक्यात शब्द आहे ‘तुतारी’. ‘माणूस’ हा शब्द प्रचारात कोणी उच्चारलेलाच नाही. अशा वेळी कोणते चित्र त्या शब्दाशी अधिक चपखल बसते? उत्तर अवघड नाही. चुकीचे चित्र हेच मनातल्या खुणेचे अधिक बरोबर चित्र ठरले, ही या प्रकरणातील खरी गोम आहे. मतदार निष्काळजी होता असे म्हणण्यापेक्षा, त्याने सांगितलेली खूण काटेकोरपणे पाळली असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. बटण दाबल्यावर कागदी पावती सात सेकंद काचेआड दिसते. पण तिच्यावरही तेच वाद्य उमटणार. पडताळणी खुणेशीच होणार असेल, तर चूक उमगणार कशी?

अर्थात या चिन्हावर पडलेले प्रत्येक मत वाट चुकलेले होते असे नाही. काहींनी अपक्षाला जाणूनबुजून मत दिले असेल, काहींनी सर्वच पक्षांवरच्या रागातून. साताऱ्याचा निकाल केवळ या एका कारणाने फिरला, असे खात्रीने सांगण्यासाठी ३७ हजारांपैकी जवळपास ३३ हजार मते एकाच बाजूची मानावी लागतील. तशी ती मानायला पुरावा नाही, आणि गुप्त मतदानात तो मिळणारही नाही. परंतु दिंडोरीत एक लाखाचा आकडा पाहिल्यावर हा प्रकार किरकोळ होता, असेही कोणी म्हणू नये. तेथे चिन्हाच्या साम्याला आडनावाच्या साम्याची जोड मिळाली होती, आणि दोन खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की शंकेला जागा उरत नाही.

नावाचा हा खेळ महाराष्ट्राला नवा नाही. २०१४ मध्ये रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २ हजार ११० मतांनी पराभव केला. सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाने ९ हजार ८४९ मते नेली. केरळमध्ये तर अशा नामसाधर्म्याच्या उमेदवाराला ‘अपरन’ असे खास नावच आहे. २००४ मध्ये आलप्पुळा येथे काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन १ हजार ९ मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ८ हजारांवर मते पडली. साक्षरतेत देशात अग्रेसर असलेल्या राज्यात हे घडते, तेव्हा ‘अडाणी मतदार’ हे ठेवणीतले स्पष्टीकरण निकालात निघते. सुशिक्षिताचे मनही खुणेनेच चालते. फरक असलाच तर तो हे कबूल करत नाही, एवढाच.

साहचर्याच्या या सामर्थ्याला मर्यादा कोठे पडते, याचेही उत्तर त्याच निवडणुकीत आहे. बारामतीत सुनेत्रा पवार यांच्याकडे घड्याळ होते. पंचवीस वर्षे ज्या चिन्हासमोरचे बटण दाबायची सवय, ते चिन्ह समोर असूनही मतदारांनी सुप्रिया सुळे यांना दीड लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. गायवासरू गमावलेल्या इंदिरा गांधींच्या काँग्रेसला १९७८ मध्ये हाताचा पंजा मिळाला आणि दोन वर्षांच्या आत त्याच पंजावर लोकसभेच्या ३५३ जागा आल्या. ज्या लढतीची चर्चा घराघरांत होते तेथे मतदार खूण बदलूनही आपला माणूस शोधून काढतो. जेथे चर्चा कमी, लढत अटीतटीची आणि उमेदवार फारसा परिचित नाही, तेथे त्याला खुणेवाचून गत्यंतर नसते. लोकसभेपेक्षा विधानसभेत आणि विधानसभेपेक्षा महापालिकेच्या बहुसदस्य प्रभागात ही जोखीम वाढत जाते, ती यामुळेच.

आयोगाला या गोष्टींची जाणीव नाही असे मुळीच नाही. २०१२ च्या उत्तर प्रदेश विधानसभा निवडणुकीआधी लखनौ आणि नोएडातील मायावतींचे आणि हत्तींचे पुतळे झाकून टाकण्याचा आदेश याच आयोगाने दिला होता. दगडी हत्ती काही बोलत नव्हते, मते मागत नव्हते; नुसते नजरेस पडण्यानेही मतावर परिणाम होऊ शकतो, हे तत्त्व त्या आदेशाने मान्य केले. मग दोन तुताऱ्यांच्या बाबतीत ते तत्त्व कोठे गेले? पवार यांच्या पक्षाने तक्रार केल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ अधिक ठळक करण्याचे मान्य केले. मात्र दोन्ही चिन्हे वेगळी असल्याने ट्रम्पेट यादीत कायम राहील, अशी भूमिका घेतली. दोन चित्रे शेजारी ठेवून शांतपणे न्याहाळली, तर ती वेगळी आहेतच. पण मतदार चित्रांची तुलना करायला गेलेला नसतो. त्याच्या हाती असते फक्त आठवण, तीही अर्धीमुर्धी.

व्यापाराच्या क्षेत्रात भारतीय कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कसोटी घालून दिली, की सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या माणसाची गल्लत होण्याचा संभव आहे का, हे पाहावे. दोन नावे समोरासमोर ठेवून त्यांतले फरक मोजत बसू नये. पोटदुखीच्या औषधाच्या ग्राहकाला साठ वर्षांहून अधिक काळ जे संरक्षण आहे, ते लोकसभेच्या मतदाराला नसावे, ही विसंगती आयोगाला कोणी तरी विचारायला हवी. मुक्त चिन्हांची यादी निश्चित करताना आणि तिचे प्रादेशिक भाषांत रूपांतर करताना ही एकच कसोटी लावली असती, तर ट्रम्पेटला ‘तुतारी’ हे नाव मिळते ना.

नामसाधर्म्याचा प्रश्न याहून किचकट आहे. आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क हिरावता येत नाही, अशी भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अशा उमेदवारांविरुद्धची याचिका ऐकण्यास नकार दिला. हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही. मात्र नाव सारखे असलेल्याला चिन्हही सारखे दिसणारे देऊ नये, एवढे तर कोणाच्याही हक्काला धक्का न लावता करता येते.

नाव आणि चिन्ह यांच्या गोंधळावर तोडगा म्हणून आयोगाने २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र लावण्यास सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली. छायाचित्र रंगीत असेल, त्यातील तीन-चतुर्थांश जागा चेहऱ्याने व्यापलेली असेल आणि अंक मोठ्या ठळक टंकात असतील, असे ठरले; बिहारच्या निवडणुकीपासून हा बदल अमलात आला. गल्लत टाळण्यासाठी हा उपाय रास्तच आहे. तोदोरोव्ह यांचे सेकंदभर दाखवलेले चेहरे आठवले म्हणजे मात्र एक गोष्ट ध्यानात येते. ज्या मतदाराला उमेदवाराची काहीच माहिती नाही, त्याच्यासमोर आता अखेरच्या क्षणी रंगीत, मोठा चेहरा असेल. त्याचा परिणाम काय होतो, हे केंद्रनिहाय आकड्यांवरून तपासून पाहता येईल. ते काम विद्यापीठांनी हाती घेण्याजोगे आहे. ओहायोप्रमाणे नावांचा क्रम केंद्रागणिक फिरवण्याचा प्रयोग मात्र येथे अजून कोणी सुचवताना दिसत नाही. मान्यताप्राप्त पक्ष, नोंदणीकृत पक्ष आणि अपक्ष अशा तीन गटांत वर्णानुक्रमे नावे लावण्याची पद्धत कायम आहे.

चिन्ह ठळक केल्याने काय साधले, याचा दाखला नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मिळाला. लोकसभेच्या तुलनेत पिपाणीची मते लक्षणीय घटली. परंतु बेलापूरमध्ये पवार यांच्या पक्षाचे संदीप नाईक अवघ्या ३७७ मतांनी हरले, आणि तेथे पिपाणीला अडीच हजारांहून अधिक मते होती. आंबेगावात दिलीप वळसे पाटील १ हजार ५२३ मतांनी विजयी झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी देवदत्त निकम यांचेच नाव आणि पिपाणी हे चिन्ह असलेल्या अपक्षाला पडलेली मते होती २ हजार ९६५.